समाजमंदिराचं मॉडेल कशात करावं? सनबोर्ड, एमडीएफ आणि बेदाण्याच्या पेटीचा पुठ्ठा

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला समाजमंदिर, अंगणवाडी, वाचनालय, बचत गटाचं केंद्र यातला एखादा विषय येतोच. सांगली-मिरजेत साहित्य घ्यायला गेलं की पाच मिलिमीटरचा पांढरा सनबोर्ड हातात पडतो आणि मुलं त्यातच सगळं उभं करतात. इथे आम्ही बोर्ड पारखलेत ते एकाच कसोटीवर: मॉडेल गावात नेऊन पारावर ठेवलं, तर लोक त्याला हात घालतील का? भिंत उचलून दुसरीकडे ठेवतील का? ज्यांची इमारत आहे त्यांनी हात लावला नाही, तर मॉडेलचा निम्मा उपयोग गेला. या कसोटीवर पन्हाळी पुठ्ठा, म्हणजे आत कागदाच्या लाटा असलेला पेटीचा पुठ्ठा, पहिला येतो. सनबोर्ड मॉडेलच्या पायासाठी उत्तम. लेझरवर कापलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, शेवटच्या सबमिशनपुरताच ठेवावा.

सनबोर्डचे गुण आधी. हा पीव्हीसीचा फोम, त्यामुळे पावसाळी हवेत तो फुगत किंवा वाकत नाही. १:५० प्रमाणात ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची भिंत ४.६ मिलिमीटर येते, म्हणून पाच मिलिमीटरचा बोर्ड भिंतीच्या जाडीला जवळपास बरोबर बसतो. कापताना १८ मिलिमीटर पात्याचा कटर आणि स्टीलची पट्टी घ्यावी. पहिला हात हलका, नुसती रेघ पाडण्यापुरता. मग दोन-तीन हातांत आरपार. एकाच दमात कापलं की पातं तिरकं जातं आणि कोपऱ्यात भिंती काटकोनात मिळत नाहीत. कडेला भुगा दिसू लागला की पात्याचं टोक मोडून नवं पुढे घ्यायचं, त्यात काटकसर नको.

चिकटवायला फेविक्विक चालतं, पण ते क्षणात धरतं आणि चूक सुधारू देत नाही. म्हणून आधी सगळ्या भिंती मास्किंग टेपवर उभ्या करून बघाव्यात. साधं फेविकॉल सनबोर्डच्या गुळगुळीत पृष्ठभागात मुरत नाही. सांधा धरल्यासारखा वाटतो आणि नंतर सोलून निघतो. जमिनीचा उतार थर्माकोलचा केला असेल, तर उलट करायचं: तिथे फेविकॉल. फेविक्विक थर्माकोल खातं आणि खड्डे पाडतं. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सनबोर्ड लेझर मशीनवर कापायला देऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे धातूचे भागही गंजवतो. जाणता मशीनवाला नाही म्हणतो, ते योग्यच आहे.

एवढे गुण असूनही गावात सनबोर्ड कमी पडतो. पांढरंशुभ्र, टोकदार कडांचं, घट्ट चिकटवलेलं मॉडेल बघून लोकांना वाटतं की सगळं ठरलंय. "लई भारी झालंय," म्हणतात आणि मागे सरकतात. स्वयंपाकाची जागा गैरसोयीची आहे किंवा बायकांच्या शौचालयाचं दार थेट पाराकडे उघडतंय, हे कुणी बोलत नाही.

पुठ्ठ्याचं तसं होत नाही. तासगाव भागात बेदाण्याच्या आणि द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा सहज मिळतो. थोडीफार फाटकी पेटीही चालते. छापील बाजू आत घ्यायची. तीन पदरी पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटर भरतो, पाच पदरी त्याहून जाड. भिंत कापताना आतल्या पन्हाळी उभ्या ठेवाव्यात; आडव्या ठेवल्या तर भिंत छताच्या वजनाने मध्येच दुमडते. कमानी छत करायचं असेल, तर पन्हाळी छताच्या लांबीला समांतर हव्यात, मग पुठ्ठा न मोडता वळतो. वरचा कागद किंचित ओला करून सोलला की खालच्या लाटा उघड्या पडतात आणि मंगलोरी कौलांचं छप्पर तयार होतं. पत्र्याच्या छपरासाठी मात्र त्या लाटा फार मोठ्या दिसतात. बोथट पात्याखाली पुठ्ठा कापला न जाता चेपतो, इथली मुख्य अडचण तीच. फेविकॉल पातळ लावावं आणि सुकेपर्यंत वर पुस्तकांचं वजन ठेवावं, नाहीतर ओल्या बाजूने बाक येतो.

बाहेरच्या भिंती चिकटवा, आतल्या मोकळ्या ठेवा. प्रत्येक आतल्या भिंतीला तळाशी पुठ्ठ्याची छोटी आडवी पट्टी लावली की ती स्वतः उभी राहते आणि उचलता येते. छप्पर सुटं हवंच. स्टेज, जिना, स्वयंपाकघर, शौचालय हे वेगवेगळे ठोकळे करून त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत नावं लिहा.

सगळ्यात जास्त चर्चा घडवतात त्या पंगतीच्या पट्ट्या, म्हणजे जेवायला बसलेल्या रांगेच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे. पंगतीत माणशी ६० सेंटिमीटर रुंदी आणि बैठक व ताट मिळून सव्वा मीटर खोली धरा. १:५० प्रमाणात दहा माणसांची पट्टी १२० बाय २५ मिलिमीटर होते. वाढप्यांसाठी समोरासमोरच्या दोन रांगांत २० मिलिमीटर, म्हणजे एक मीटर मोकळं. आता १० बाय १५ मीटरच्या हॉलमध्ये लोकांनाच त्या मांडू द्या. लांबीत दोन पट्ट्या बसतात आणि दाराकडे तीन मीटर उरतात. चार रांगा, म्हणजे ८० माणसं मोकळी जेवतात. पाचवी रांग जेमतेम. "तीनशे माणसांचा हॉल" असं नकाशावर लिहिलेलं असलं, तरी तिथे पंगतीला किती बसतील हे या पट्ट्या आजीबाईंनाही दाखवतात. मग मंडप कुठे वाढवायचा आणि उष्टी ताटं कुठून न्यायची, हे प्रश्न आपोआप निघतात. १:१०० प्रमाणात हे जमत नाही. पट्टी ६० मिलिमीटरची होते आणि पाच फूट माणूस जेमतेम १५ मिलिमीटरचा, बोटांत धरवत नाही.

कृष्णाकाठच्या गावासाठी पुराचं पाणी दाखवायला एक जादा वस्तू लागते: निळसर केलेली ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पण पुलाचा आकडा थेट आपल्या जागेवर लावता येत नाही. गावातल्या भिंतीवरची पुराची खूण शोधावी आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने ती पातळी जागेवर आणावी. खूण जमिनीपासून १.२ मीटर आली तर मॉडेलवर शीट २४ मिलिमीटर उंचीवर येते. जोतं ९० सेंटिमीटरचं असेल तर ते फक्त १८ मिलिमीटर, म्हणजे हॉलमध्ये फूटभर पाणी. जोतं दीड मीटर करू म्हटलं, तर १:१२ उताराचा रॅम्प १८ मीटर होतो. मॉडेलवर ही ३६ सेंटिमीटरची पट्टी हॉलच्या लांबीपेक्षा मोठी आहे. ती वळवून, मध्ये सपाट टप्पा देऊन कुठे बसते, हे पुठ्ठ्यावरच पटकन कळतं.

तीन मिलिमीटरचा एमडीएफ दिसायला देखणा. लेझर कापताना किरण साधारण ०.२ मिलिमीटर साहित्य खातो, म्हणून सांध्यांच्या खाचा आधी तुकड्यावर कापून बघाव्यात, नाहीतर सांधे सैल बसतात. कडा करपून तपकिरी होतात आणि दमटपणात फुगतात. बदल करायचा तर फाइल पुन्हा काढून मशीनपाशी जावं लागतं, त्यामुळे गावातल्या बैठकीनंतरच याच्याकडे वळावं.

मॉडेल ग्रामपंचायतीत ठेवायचं असेल, तर ए-टू आकाराचा सनबोर्डचा पाया घ्या आणि त्यावर उत्तर दिशा, रस्ता, देऊळ आणि विहीर रंगवा. सुटे ठोकळे झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा पायाला दोरीने बांधा. गावाहून उठण्याआधी लोकांनी शेवटी केलेल्या मांडणीचा बरोबर वरून फोटो घ्या, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. त्यावरून मापं नकाशावर उतरवता येतात.