जनावराचं अचानक आलेलं बिल: खान्देशात मदत कुठे मिळते आणि किती लवकर?

मागच्या पावसाळ्यात आमची गाय रात्री अकराला अडली. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, पण मान मागे वळलेली. गावातल्या खाजगी डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात खांद्यापर्यंत हात घालून अर्धा तास प्रयत्न केला आणि मग सांगितलं, सिझर करावं लागेल. आई गाईच्या कपाळावरून हात फिरवत सारखं विचारत होती, "वाची जाई ना हाई?" वासरू गेलं, गाय वाचली. सिझर, सलाईन आणि पुढची इंजेक्शनं धरून साडेअकरा हजार झाले. घरात होते तीन.

उरलेल्या पैशांसाठी पंधरा दिवस ज्या दारांत गेलो, त्यावरून हे लिहितोय. कुठलीही मदत समोर आली की मी आता दोनच गोष्टी विचारतो. पैसा उपचाराला मिळतो की जनावर मेल्यावर? आणि किती दिवसांत?

पहिलं दार सरकारी दवाखान्याचं. तिथे नाममात्र शुल्काचा केसपेपर निघतो, आणि औषध साठ्यात असेल तर तेही मिळतं. आमच्या गाईचं पुढचं ड्रेसिंग आणि टाके काढणं तिथेच झालं. खाजगीत त्याच्या प्रत्येक फेरीला पैसे पडले असते. मोठं ऑपरेशन किंवा तपासण्या असतील तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्यावं. अडचण आहे ती वेळेची आणि वाहतुकीची. बसलेली म्हैस छोटा हत्ती टेम्पोत चढवायला सहा माणसं लागतात आणि भाडं वेगळं. म्हणून 1962 हा टोल फ्री नंबर मोबाईलमध्ये ठेवाच. फिरत्या पथकाच्या गाडीत पशुवैद्यक आणि मदतनीस असतात, ती दारापर्यंत येते. पण साधारण एक लाख पशुधनामागे एक गाडी, असं हे गणित आहे. त्यामुळे अडलेल्या गाईसाठी रात्री फक्त तिच्याच भरवशावर बसू नका. फोन करा आणि त्याच वेळी जवळच्या डॉक्टरलाही बोलवा.

विम्याबद्दल मात्र गैरसमज फार आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून पशुपालकाने हप्त्याचा फक्त 15 टक्के वाटा भरायचा आहे, बाकी केंद्र आणि राज्य भरतं. घ्यावा असाच विमा आहे. पण तो मुळात जनावर दगावल्यावर पैसे देतो, डॉक्टरचं बिल फेडत नाही. कानातला बिल्ला पडला असेल तर दाव्याला तिथेच खोडा बसतो. सरकारी नुकसानभरपाईही तशीच. 2022 च्या ऑगस्टमध्ये राज्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ सुरू झाली ती आपल्याच रावेर तालुक्यातून. तेव्हा दुधाळ गाय दगावली तर 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार अशी मदत जाहीर झाली. घरांना तिचा आधार झाला, पण पंचनाम्यानंतर. आजारी जनावराचा महिनाभराचा खर्च ज्याने त्याने खिशातून केला.

आता धर्मादाय मदत. खान्देशातल्या व्यापारी पेठांमध्ये, म्हणजे जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा भागात, जैन संघांचा जीवदयेचा निधी असतो आणि पर्युषणात त्यात खास भर पडते. हा पैसा बहुतेक पांजरापोळ (भाकड, अपंग जनावरं सांभाळणारी संस्था), गोशाळा, चारापाण्याकडे जातो. पण अडलेल्या माणसाने नीट कागद घेऊन विचारलं तर दार बंद नसतं. आमच्या मेडिकलची तीन हजार दोनशेची बाकी अशाच एका ट्रस्टने भरली. रोख आमच्या हातात दिली नाही, थेट दुकानाच्या नावाने दिली, आणि मला ते योग्यच वाटलं. त्यांनी मागितलं काय? डॉक्टरच्या लेटरहेडवर आजार आणि खर्च, औषधांची पक्की बिलं, गाईचा टाक्यांसकट फोटो आणि गावातल्या दोन माणसांची ओळख. हे कागद माझ्याकडे होते, कारण बहिणीने पहिल्याच रात्री बिल मागून घेतलं होतं. ट्रस्टची बैठक व्हायला आठ दिवस गेले. तेवढा वेळ दुकानदार थांबला, डॉक्टरही थांबले. म्हणून उधारी मिळणार असेल तरच हा मार्ग कामाचा.

पांजरापोळ हा वेगळा निर्णय आहे. तिथे जनावर सांभाळतात, तुमचं बिल भरत नाहीत. भाकड किंवा अपंग जनावर बाजारात नेण्यापेक्षा तिथे देणं मला केव्हाही पटतं. पण दुभती गाय परत हवी असेल तर तो रस्ता नको.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे अर्ज करायला बरेच जण सुचवतात. त्यांचं अनुदान मान्यताप्राप्त संस्थांना मिळतं, एकट्या मालकाला नाही. त्यात वेळ घालवू नका.

मिलाप, केटो यांसारख्या ठिकाणची ऑनलाईन वर्गणी कुत्र्या-मांजरांसाठी जास्त चालते, गाई-म्हशींसाठी कमी. जळगावला राहणाऱ्या मैत्रिणीने रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलं, त्याला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार झाला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. तिने ऑनलाईन आवाहन लिहिलं, पण पैसे आले ते सोसायटीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, पन्नास-शंभर करत, दोन दिवसांत. कारण तिथे लोक तिला ओळखत होते. रोज सलाईन लावलेल्या पिल्लाचा फोटो आणि त्या दिवसाचं बिल ती टाकत गेली. हाड जोडणं, गाठ काढणं अशा आधी ठरवता येणाऱ्या उपचाराला मात्र मोठं आवाहन करायला हरकत नाही, कारण हाताशी दोन-तीन आठवडे असतात.

आमची मुख्य नड भागवली दूध डेअरीने. चार हजारांची उचल दुसऱ्याच दिवशी मिळाली आणि दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून कापली गेली. ही मदत धर्मादाय नाही, फेडावी लागते. पण सावकाराच्या टक्क्यापेक्षा शंभर पटीने बरी. ज्याच्याकडे दुधाचा रतीब आहे त्याने आधी इथे जावं, मग ट्रस्टकडे. ज्याच्याकडे फक्त बैल किंवा चार शेळ्या आहेत त्याला डेअरी नाही. त्याने पहिल्याच दिवशी सरकारी डॉक्टरकडून कागद करून घ्यावा आणि ट्रस्ट गाठावा.

आणि कुणाकडेही हात पसरण्याआधी डॉक्टरला स्पष्ट विचारा, जगण्याची आशा किती आहे? आमच्या डॉक्टरांनी सुरी हातात घेण्याआधीच सांगितलं होतं, वासरू गेलंय, गाईची आशा निम्मी. वडील दोन मिनिटं गव्हाणीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, करा.