घरचं व्हीपीएन, आठ महिन्यांनंतर: वायरगार्ड गप्प बसतं तेव्हा

आठ महिन्यांपूर्वी घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड बसवलं. हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट. गरज साधी होती. बाहेर असताना घरच्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं बघता यावीत, पण त्यासाठी ती डिस्क इंटरनेटवर उघडी टाकायला लागू नये. वेगाबद्दल तक्रार नाही. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी जोडणी टिकते. कौतुक एवढंच, कारण मला लिहायचंय ते बंद पडण्याबद्दल. आठ महिन्यांत चारदा बंद पडलं, आणि चारही वेळा वायरगार्ड निर्दोष निघालं. हे कळेपर्यंत माझा जीव मात्र मेटाकुटीला आला.

याचा स्वभाव असा, की ओळख पटली नाही तर ते उत्तरच देत नाही. बाहेरून पोर्ट (आत यायची क्रमांक दिलेली दारं) चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण तुमचीच किल्ली (ओळख पटवणारा गुप्त कोड) चुकली तरी वागणूक तीच. 'पासवर्ड चुकीचा आहे' वगैरे काही येत नाही. ॲपमधलं बटण चालू दिसतं, वर किल्लीचं चिन्ह येतं, आणि आत सगळी सामसूम. ॲपबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

खरं काय ते 'डब्ल्यूजी शो' ही कमांड सांगते. तिथे 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख शेवटची कधी पटवली) ही ओळ आहे का, ते आधी बघायचं. वापर चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो, त्यामुळे तिथे दोन-तीन मिनिटांपेक्षा जुनी वेळ दिसली की काहीतरी अडलंय. ती ओळच नसेल, तर खालचा पाठवल्याचा आकडा बघा: १४८ बाइट, मग २९६, मग ४४४. हँडशेकची पहिली हाक बरोबर १४८ बाइटांची असते आणि उत्तर नाही आलं तर पाच-पाच सेकंदांनी पुन्हा दिली जाते. आलेल्याचा आकडा शून्यच. दार वाजवतोय, घरात कुणी ऐकत नाही.

पहिल्यांदा बंद पडलं ते वीज जाऊन आल्यावर. राउटरने पायला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, आणि वायरगार्डचा पोर्ट ५१८२० मात्र जुन्याच आयपीकडे पाठवला जात होता (या पाठवण्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात). पायचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला, विषय संपला. दुसऱ्यांदा घरचा बाहेरचा आयपी बदलला. डायनॅमिक डीएनएसने (बदलत्या आयपीला एकच नाव देणारी सेवा) नाव वेळेत नव्या पत्त्यावर नेलं होतं, पण लॅपटॉपवर वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना एकदाच विचारतं आणि मग जुन्याच पत्त्याला चिकटून बसतं. बंद करून चालू केलं की झालं. मी मात्र तोवर बाबांना दोनदा फोन करून राउटर बंद-चालू करायला लावला होता.

तिसरी वेळ मजेशीर होती. पिंग (समोरचं यंत्र आहे का, ते विचारणारी छोटी हाक) जात होता, हँडशेक ताजा होता, छोटी पानं उघडत होती, फोटो मात्र अर्ध्यावर लटकायचे. असं दिसलं की एमटीयूवर (एका वेळी पाठवायच्या पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) संशय घ्यायचा. १४२० चा १२८० केला आणि फोटो धडाधड आले.

चौथी खरी डोकेदुखी. एका सकाळी सगळं ठप्प. किल्ल्या तपासल्या, पोर्ट तपासला, पाय नव्याने बसवला. (हे शेवटचं कधीच करू नका, असलेला पुरावा जातो.) शेवटी पायवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून पोर्ट ५१८२० वर कान ठेवला आणि फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून हाक दिली. घरच्या वायफायवरून घरचाच बाहेरचा पत्ता तपासण्यात अर्थ नसतो, बरेच राउटर ती वाट देत नाहीत. पायपाशी एकही पॅकेट आलं नाही. मग राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी बघितला: १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटचे, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला. इंटरनेट देणाऱ्यांनी न सांगता बदल केला होता. फोन केला तर म्हणाले, "तुमचं नेट चालू आहे ना?" चालू होतं. आतून बाहेर जाता येत होतं, बाहेरून आत येता येत नव्हतं, आणि पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही पूजा केली तरी येणार नव्हतं.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, ज्यांत असं वाटून घ्यावं लागत नाही) करून बघितलं, मोबाइलवरून छान चाललं. पण ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही. मग सार्वजनिक आयपी असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. पाय आतूनच त्याच्याशी जोडणी करतो आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवतो. फोन आणि लॅपटॉपही त्याच सर्व्हरकडे जातात. पॅकेट तिथे उलगडून (तेव्हा आतलं वाचता येतं) पुन्हा बांधली जातात, म्हणून तो सर्व्हर स्वतःच्याच ताब्यात हवा. फोटो उघडायला किंचित जास्त वेळ लागतो, पण दोन महिने झाले, कुरकुर नाही. बाबांना फोन त्यानंतर एकदाच केला, तर त्यांच्याकडे वीजच गेली होती.