बँकॉकचा प्लॅटिनम मॉल : स्वस्त कपडे घ्यायचे तर इथेच

बँकॉकमध्ये कपडेखरेदीला एकच दुपार हाताशी असेल, तर मी प्रतुनामच्या प्लॅटिनम फॅशन मॉललाच पाठवेन. चतुचकचा शनिवार-रविवारचा बाजार अफाट आहे, बघावा जरूर. पण तिथल्या उकाड्यात आणि गर्दीत कापड निरखून बघणं होत नाही. इथे एसी आहे. चिडलोम या स्कायट्रेन स्टेशनवरून चालत येता येतं.

मजा आहे ती घाऊक भावाची. बऱ्याच गाळ्यांवर दोन किमती असतात, एक सुट्या नगाची आणि एक तीन किंवा जास्त नगांची. म्हणून मी, वहिनी आणि भाची मिळूनच घेतो. काही दुकानदार कुठलेही तीन कपडे चालवतात, काहींना एकाच डिझाइनचे तीन हवे असतात, आधी विचारावं. भाषेवाचून काही अडत नाही. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते, आपणही बोटांनी तीन दाखवायचे. भाव आधीच घाऊक असल्यामुळे त्यावर फार घासाघीस करू नये असं माझं मत आहे.

ट्रायल बहुतेक छोट्या गाळ्यांत नाही, त्यामुळे पर्समध्ये टेप हवीच. ‘फ्री साइज’वर भरवसा नको. अंगाला नीट बसणाऱ्या आपल्या कुर्त्याची छाती, खांदा, मुंढा लिहून न्यावा आणि तिथला टॉप टेबलावर पसरून मोजावा. मग तो उलटा करावा. मला आवडलेल्या एका रेघांच्या शर्टाच्या खिशावर रेघा अंगावरच्या रेघांशी अगदी जुळवलेल्या होत्या, ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेची शिलाई, घट्ट होतं, बाजूला उसवून वाढवण्याइतकी माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, होती. शेजारच्याच गाळ्यातल्या तशाच दिसणाऱ्या शर्टाला माया नावालासुद्धा नव्हती. रेयॉनच्या ढगळ पँटी उजेडासमोर धराव्यात, आरपार दिसलं तर सोडून द्याव्यात.

रोख बाट जवळ ठेवावेत. पर्यटकांच्या व्हॅट परताव्याचा हिशेब मात्र इथे धरू नका. त्याला योजनेतलं दुकान, एका दिवसात तिथे किमान २,००० बाटची खरेदी आणि दुकानातूनच भरून मिळणारा फॉर्म लागतो; असल्या गाळ्यांत तो सहसा मिळत नाही.

टॉप, शर्ट, सुती फ्रॉक डोळे झाकून नव्हे, पण बिनधास्त घ्यावेत. जीन्स घालून बघितल्याशिवाय मी घेत नाही, त्यामुळे ती इथे नाहीच.