एसीसी स्पर्धेसाठी जागा: ग्रीन्सबरो, शार्लट, ब्रुकलिन की वॉशिंग्टन?

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी हा अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडासंघांचा गट, दर मार्चमध्ये पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा एकाच अरिनात खेळवते. १५ संघ, १४ सामने, मंगळवार ते शनिवार. जिंकेल त्याला एनसीएए, म्हणजे देशभरातल्या कॉलेज संघांच्या, स्पर्धेत थेट प्रवेश. ती कुठे भरवायची हा नॉर्थ कॅरोलिनातला जुना वाद आहे. मुलं ड्यूक किंवा एनसी स्टेट विद्यापीठात गेली की रॅलीजवळच्या केरी-मॉरिसव्हिलची आपली मराठी मंडळीसुद्धा त्यात हिरिरीने उतरतात.

वाद सुरू झाला की जो तो अरिनात किती माणसं मावतात ते सांगायला लागतो. मी आधी वेगळं विचारेन: मंगळवारी दुपारी, तळाच्या दोन संघांचा सामना असताना, तिथे कोण येणार आहे? शनिवारची फायनल कुठेही भरते.

या प्रश्नावर ग्रीन्सबरोला तोड नव्हती. १९५९ सालचं कोलिझियम शहराच्याच मालकीचं, बास्केटबॉलला साधारण २२,००० जागा, भोवती मोकळं पार्किंग. वेक फॉरेस्ट विद्यापीठ अर्ध्या तासावर, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं चॅपल हिल आणि ड्यूकचं डरम तासाभरावर, एनसी स्टेटचं रॅली दीड तासावर. आपला संघ गुरुवारी जिंकला तर माणूस रात्री घरी झोपून शुक्रवारी परत हजर. अनेक वर्षं या स्पर्धेची तिकिटं खिडकीवर मिळतच नसत. विद्यापीठांच्या देणगीदारांमध्येच ती संपून जायची. १९७४ ची फायनल इथलीच: एनसी स्टेट १०३, मेरीलँड १००, तीही ओव्हरटाइममध्ये. त्या काळी एका कॉन्फरन्समधून एकच संघ पुढे जायचा, त्यामुळे देशातल्या उत्तम संघांपैकी एक असूनही मेरीलँड घरी बसलं. पुढच्याच वर्षी एनसीएएने स्पर्धा ३२ संघांची केली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघांना वाट मोकळी केली.

पण ते कॉन्फरन्स आता राहिलेलं नाही. बोस्टन, सिरॅक्यूज, मायामी होतेच, २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) हेही आले. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्याला ग्रीन्सबरोच्या छोट्या विमानतळासाठी मध्ये विमान बदलावं लागतं, आणि उतरल्यावर कोलिझियमपासून डाउनटाउन चालत जाण्यासारखं नाही. शिवाय २२,००० खुर्च्यांत पाच-सहा हजार माणसं बसली तर टीव्हीवर ते ओसाड दिसतं. कॉन्फरन्सचं मुख्यालयही २०२३ मध्ये शार्लटला गेलं, यातून काय समजायचं ते ग्रीन्सबरोकरांनी समजून घेतलेलं आहे.

शार्लटचं स्पेक्ट्रम सेंटर २००५ चं, साधारण १९,००० जागांचं आणि भर शहरात. हॉटेलातून चालत जाता येतं, लाइट रेलचं स्टेशन दाराशी आहे, आणि विमानतळ अमेरिकन एअरलाइन्सचा हब असल्याने बहुतेक ठिकाणांहून थेट विमान मिळतं. ट्रँगलमधून, म्हणजे रॅली-डरम-चॅपल हिल भागातून, गाडीने यायचं तर अडीच-तीन तास, म्हणजे रोज ये-जा नाही, पण एक रात्र राहून जमतं. २०१९ च्या सेमीफायनलमध्ये झायन विल्यम्सन या खेळाडूच्या ड्यूकने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाला ७४-७३ असं हरवलं ते इथेच. तो सामना ब्रुकलिनमध्ये झाला असता तर एवढा दणाणला असता का, याची मला शंका आहे.

ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरखाली नऊ सबवे मार्ग आहेत. २०१७, २०१८ आणि २०२२ ला स्पर्धा तिथे झाली. माजी विद्यार्थी आणि प्रायोजक तिथे खोऱ्याने, पण ते संध्याकाळी येतात. दुपारच्या सेशनला ऑफिस सोडून कोण येणार? हॉटेलचं बिल तर बघायलाच नको. आणि त्या शहरात एका आठवड्यात इतकं काही चालू असतं की बास्केटबॉल स्पर्धा आली काय, गेली काय.

वॉशिंग्टनचं अरिना मेट्रो स्टेशनवरच आहे. २०२४ ला दहाव्या मानांकनाचा एनसी स्टेट तिथे पाच दिवसांत पाच सामने जिंकून विजेता झाला. सेमीफायनलमध्ये त्यांच्या मायकल ओकॉनेलचा शेवटच्या क्षणीचा थ्री (तीन गुणांचा फेकलेला चेंडू) बोर्डाला लागून आत गेला म्हणून ओव्हरटाइम तरी मिळाला. असा संघ पुढे सरकत राहिला की त्याचे चाहते आयत्या वेळी गाडी काढतात. रॅलीहून वॉशिंग्टन चार-साडेचार तास. ग्रीन्सबरोला हेच लोक दुपारी निघून संध्याकाळच्या सामन्याला पोचले असते.

तारखांचं मंगल कार्यालयासारखं आहे: हॉल आवडून उपयोग नाही, मुहूर्ताला रिकामा हवा. शार्लटला तिथल्या एनबीए संघाला, हॉर्नेट्सना, आठवडाभर बाहेर खेळवावं लागतं, वॉशिंग्टनला विझर्ड्स (बास्केटबॉल) आणि कॅपिटल्स (आइस हॉकी) दोघांना. ग्रीन्सबरोला हा प्रश्न एवढा मोठा नाही. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने २०१८ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा हट्ट धरला. मार्चचा तो आठवडा तिथे बिग ईस्ट कॉन्फरन्सचा ठरलेला, म्हणून स्पर्धा आठवडाभर आधी उरकली आणि त्यासाठी सीझनचं वेळापत्रक आवळावं लागलं.

मोठ्या डोमचा मोह मात्र टाळावा. २००१ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये एसीसीने एका सेशनला ४०,०८३ प्रेक्षक जमवले, हे खरं. पण २००८ ला तिथेच एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सची स्पर्धा चालू असताना टोर्नाडोने इमारतीचं नुकसान केलं, आणि उरलेली स्पर्धा जॉर्जिया टेकच्या दहा हजारही न मावणाऱ्या जिमखान्यात हलवावी लागली. तिकीटधारक बहुतेक बाहेरच राहिले. जागा ठरवताना जवळपासचा पर्यायी हॉल कोणता, हेही विचारून ठेवावं.

माझा कौल शार्लटला, चारातल्या तीन वर्षांसाठी. चौथं वर्ष ग्रीन्सबरोला, वरच्या मजल्यावर पडदे टाकून, म्हणजे रिकाम्या खुर्च्या दिसणार नाहीत. महिलांची स्पर्धा २००० पासून बहुतेक वर्षं त्यांनी नीट सांभाळली आहे, त्यामुळे माणसं सरावलेली आहेत. वॉशिंग्टन दहा वर्षांतून एकदा ठीक. ब्रुकलिन मी यादीतून काढेन.

करार मात्र दोन्हीकडे लवचीक हवा. २०१६ ला नॉर्थ कॅरोलिनाच्या एचबी-२ या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वच्छतागृह वापरावर बंधनं घालणाऱ्या कायद्यावरून वाद पेटला तेव्हा एसीसीने राज्यातल्या तटस्थ मैदानांवरच्या अजिंक्यपद स्पर्धा बाहेर हलवल्या. महिलांची बास्केटबॉल स्पर्धा ग्रीन्सबरोऐवजी साउथ कॅरोलिनातल्या कॉनवेला झाली. दोन्ही पसंतीच्या जागा एकाच राज्यात असतील, तर तिसऱ्या राज्यातल्या एखाद्या अरिनाशी आधीच बोलून ठेवावं.