ई-हक्क: सुरतेत बसून गावच्या जमिनीला वारस लावताना

उधना, लिंबायत, पांडेसरा भागात राहणाऱ्या खान्देशी माणसाची जमीन बहुतेकदा शिंदखेडा, अमळनेर, शहादा, पारोळा अशा तालुक्यात असते आणि ती कसतो गावातला भाऊ किंवा चुलतभाऊ. बाप वारला की फेरफारासाठी (जमिनीच्या नोंदीतल्या बदलासाठी) तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) खेटे घालायला यायचं, म्हणजे कारखान्यातला खाडा. तो वाचवायला महसूल खात्याची ई-हक्क प्रणाली आहे. वारस नोंद, मयताचं नाव कमी करणं, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं, ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) शेरा कमी करणं, असे अर्ज तिथून करता येतात. अर्ज दाखल करण्यापुरतं बोलायचं तर पाचपैकी चार गुण. भाऊबंदकी मिटवण्यापुरतं म्हणाल तर एक, आणि तोही मन मोठं करून.

अर्जाआधी डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढावा. सातबाऱ्याला पंधरा रुपये पडतात. महाभूलेखवर फुकट दिसतो तो फक्त पाहण्यापुरता. उताऱ्यावर मयताचं नाव ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत सगळे कागद जुळले पाहिजेत, आणि गाडं अडतं ते इथेच. सुरतेच्या दाखल्यांवर नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ चिकटलेलं असतं, गावच्या जुन्या नोंदीत ‘वल्द’ (म्हणजे अमक्याचा मुलगा) असतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर त्रुटीचा एक फेरा वाचतो. गुजराती दाखल्याचं मराठी भाषांतरही सोबत द्यावं. मृत्यूची नोंदच वर्षाच्या आत झालेली नसेल, तर दाखल्यासाठी आधी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो हातात येईपर्यंत ई-हक्क उघडूच नये.

अर्ज भरणं तसं सोपं. संकेतस्थळावर आपलं खातं उघडायचं, सातबारा फेरफार निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव. पुढे खाते क्रमांक, मयत खातेदाराचं नाव, गट क्रमांक, मृत्यूची तारीख. त्यानंतर एकेक वारस: पूर्ण नाव, वय, नातं, पत्ता, पिनकोड. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि सगळे वारस लिहिलेलं स्वयंघोषणापत्र स्कॅन करून जोडायचं. पत्त्याच्या रकान्यात भावनेला जागा देऊ नये. गावचं घर लिहिलं की नोटीस गावच्या घरी जाते, आणि ती कोणाच्या हाती पडेल ते वेगळं सांगायला नको. जिथे राहता तोच पत्ता लिहा.

कायद्यानं वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते (जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९). उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, कागद मात्र वाढतात. आजोबा गेले तेव्हा नोंद झाली नाही आणि आता बापही गेला, तर साखळी क्रमानं लावावी लागते: आधी आजोबांचे सगळे वारस, मग बापाचे. मधली पायरी गाळून नातवाचं नाव थेट चढवायला गेलात की अर्ज परत आलाच म्हणून समजा. जुने फेरफार शोधायला आपले अभिलेख हे संकेतस्थळ आहे. त्याच्या सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत धुळे आणि नंदुरबार होते, जळगाव नव्हता.

या सगळ्यात परगावच्या माणसाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट ई-हक्कमध्ये नाहीच. ती आहे ‘आपली चावडी’, महसूल खात्याचा ऑनलाइन नोटीस फलक. गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. फेरफाराची नोंद धरली की हरकतीला पंधरा दिवस असतात. तेवढ्यात कोणी बोललं नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करून मोकळा. गावातल्या भावानं वारसांच्या यादीतून बहिणी आणि सुरतेचा धाकटा वगळला असेल, तर ते कळायची हीच वेळ. घरात कोणी वारलं असेल तर पुढचे काही महिने दर आठवड्याला आपल्या गावाचं पान उघडून पाहावं. हरकत लेखी द्यावी, सोबत नात्याचा पुरावा जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय जागचं हलू नये.

हरकत आली की फेरफार विवादग्रस्त नोंदवहीत (नमुना ६-अ) जातो आणि सुनावणी लागते. संहितेत शक्यतो वर्षाच्या आत निकाल द्यावा असं लिहिलंय. ‘शक्यतो’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. निकाल विरोधात गेला तर साठ दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. सुनावणीला मात्र तालुक्याला यावंच लागतं, घरबसल्या काम इथे संपतं.

खान्देशात हमखास आढळणारी भानगड ए.कु.मॅ.ची. सातबाऱ्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव, पुढे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा. सुरतेच्या भावांची नावं कुठेच नाहीत. पुढे थोरला वारला की त्याची मुलं फक्त स्वतःची नावं लावतात, आणि चुलत्यांचा हिस्सा कागदावरून पुसला जातो. हा शेरा सगळे भाऊ हयात असतानाच काढून सर्वांची नावं लावून घ्यावीत. थोरल्याची संमती असली तर काम सुरळीत होतं, नसली तर तो वाद झाला. बारा वर्षं एकटाच कसतोय म्हणून जमीन त्याची झाली, हे पारावरचं ज्ञान. सहहिस्सेदाराचा हक्क त्यानं उघडपणे नाकारला असल्याशिवाय नुसत्या वहिवाटीवर तसं ठरत नाही.

मुलींबाबत पळवाटा शोधू नयेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल, यानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे. बाप २००५ ला हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या स्टॅम्पवरची सही चालत नाही. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांचं गणित वेगळं आहे: हा कायदा त्यातल्याच कलम २(२) मुळे त्यांना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे तिथे अर्जाआधी वकिलाला विचारावं.

एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत मयतांची नावं काढून वारस लावले गेले. आपल्या खात्यावर तेव्हा काही नोंद झाली का, हे आधी तपासा; झाली असेल आणि तुम्ही त्यात नसाल तर नवा अर्ज नव्हे, अपील करायचं.

नाव लागलं म्हणजे वाटणी होऊन बांध पडला असं नव्हे. वारस नोंद ही महसुली नोंद आहे, त्यानं मालकी ठरत नाही. सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करावा, नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. एखाद्याच्या वारस असण्यालाच आव्हान असेल तर त्याचाही निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो. अशा घरांनी ई-हक्कवर संध्याकाळ घालवण्यापेक्षा चांगला दिवाणी वकील गाठावा.