हेल्थकेअर डेटा अ‍ॅनालिस्टची पहिली नोकरी: कंपनीत की हॉस्पिटलात?

एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय ही डेटाची साधनं येतात असं धरून चालतो. प्रश्न पहिल्या नोकरीचा आहे: पुण्यात बसून अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचे क्लेम्स चाळणारी कंपनी, की इथल्याच एखाद्या हॉस्पिटलचा क्वालिटी विभाग? मी दोन्ही केलंय. आधी कंपनी, मग हॉस्पिटल.

पगार कंपनीत जास्त, यात वादच नाही. हॉस्पिटलात आलो तेव्हा माझा पगार जवळजवळ एक तृतीयांशाने उतरला आणि शनिवारची सुट्टी गेली ती गेलीच. कंपनीत डेटाही देखणा: निदानाला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड, टाइप २ मधुमेह म्हणजे ई११, अशा लाखो ओळी. कामाला वजनही असतं. ठरावीक आजारांचे पेशंट डिस्चार्जनंतर ३० दिवसांत प्रमाणाबाहेर परत दाखल झाले, तर मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, त्या हॉस्पिटलचे ३ टक्क्यांपर्यंत पैसे कापतं. आमची सगळी धडपड ती कपात टाळण्यासाठीच.

मला नडली ती एकच गोष्ट: विचारायला माणूस नाही. एकदा एका पेशंटचं एकाच दिवशी दोन हॉस्पिटलांत अ‍ॅडमिशन दिसलं. चूक, की ट्रान्सफर? ट्रान्सफर असेल तर ते रीअ‍ॅडमिशन धरायचं नाही. मी लीडला मेल केला, लीडने ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटकडे बसणाऱ्या आमच्या माणसाला, ऑनसाइटने क्लायंटला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: डेटा डिक्शनरी, म्हणजे कोणत्या कॉलमचा अर्थ काय ते सांगणारी यादी, पाहा. डिक्शनरीत 'अ‍ॅडमिशनची तारीख' या कॉलमसमोर लिहिलं होतं, 'अ‍ॅडमिशनची तारीख'. असं दर आठवड्याला.

हॉस्पिटलचा डेटा म्हणजे नुसता गोंधळ. निदानाच्या रकान्यात 'डीएम', 'डायबेटिक', 'शुगर' आणि एकदा तर नुसतंच 'नेहमीचं'. पण २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचं परिपत्रक आलं की कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यायची. आम्हीही डिस्चार्जला आमच्याकडे लागणारा वेळ मोजायला घेतला. एका वॉर्डचे आकडे इतके चांगले आले की मलाच शंका आली. दोन मजले चढून गेलो. सिस्टर म्हणाल्या, "अहो सर, फाइल अकराला खाली जाते. पण कॉम्प्युटर एकच. जेवणं वाटून झाली की दोनला एंट्री मारते." म्हणजे घड्याळच ३ तास उशिरा सुरू होत होतं. पाच मिनिटांत उलगडा, वर चहा मिळाला तो वेगळाच.

डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल तर कंपनी घ्या, मी नावं ठेवणार नाही. एसक्यूएलला धारही तिथेच लागते. हॉस्पिटलात मला आयटीवाल्यांनी सहा महिने डेटाबेसला हात लावू दिला नाही, एक्सेलचे एक्स्पोर्ट तेवढे मिळायचे. तरी जमत असेल तर पहिली दोन वर्षं हॉस्पिटलात काढावीत, असं मला आपलं वाटतं. फक्त इंटरव्ह्यूत एवढं विचारा: वॉर्डात जायची मुभा आहे ना? "रिपोर्ट काढायला वॉर्डात कशाला?" असं म्हणाले, तर मग जास्त पगाराची कंपनीच बरी.