कलांचो: वर्षभर सांभाळल्यानंतरचा अनुभव

हिवाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडच्या नर्सरीत लाल, पिवळ्या, केशरी गुच्छांची बुटकी झाडं मांडून ठेवलेली असतात, तोच हा कलांचो. फुलं सुकली की बहुतेक घरांत त्याची कुंडी रिकामी होते. मागच्या जानेवारीत आणलेलं केशरी झाड मी टाकलं नाही, आणि यंदा ते आणलं तेव्हापेक्षाही भरगच्च फुललंय.

एक गुच्छ दीड महिना तरी सहज टिकतो. घरात ठेवायच्या फुलझाडांत मला इतकं पुरणारं दुसरं मिळालेलं नाही. हा आपल्या पानफुटीच्याच कुळातला, मूळचा मादागास्करचा. पानांची छिद्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हातही साठवलेलं पाणी जपून वापरतो. मातीत बोट घालून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा पुरतं. आपली काळी माती मात्र नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. लाल माती, जाड वाळू आणि थोडं शेणखत याला मानवतं.

पुन्हा फुलवायचा असेल तर याला अंधार द्यावा लागतो. रात्र लांबली की हा कळ्या धरतो. रोज साधारण चौदा तास काळोख, तोही सलग सहा आठवडे. नाशिकला डिसेंबरातली रात्र तेरा तासांची, म्हणजे बाहेर अंधार असता तर एवढ्यानेही भागलं असतं. पण हॉलमधली ट्यूब अकरापर्यंत चालू असते आणि बाल्कनीत रस्त्यावरचा दिवा येतो. म्हणून नवरात्र संपल्यापासून मी संध्याकाळी सहाला त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचे आणि सकाळी आठला काढून खिडकीत ऊन द्यायचे. दिवाळीत आकाशकंदील लागतो तेव्हा तर हे अजिबात चुकवू नये. दत्तजयंतीच्या सुमारास कळ्या दिसल्या, संक्रांतीला रंग भरला.

श्रावणातल्या झिमझिमीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी येते, अधूनमधून पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीडही. द्राक्षबागा असलेल्यांना या दोघांची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवावी, पानांवर पाणी पडू देऊ नये. ढेकूण स्पिरिटच्या बोळ्याने पुसले की जातात.

मार्चमध्ये सुकलेले गुच्छ छाटले, तेव्हा बोटभर शेंडेही खुडले. चीर दोन दिवस सुकू दिली आणि वाळूत खोचले. जवळजवळ सगळे जगले. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून तीच रोपं दिली.

विकत घेताना पूर्ण उमललेलं नको, कळ्या जास्त असलेलं झाड निवडा आणि पानांच्या खालची बाजू बघून घ्या. मात्र घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कलांचो आणूच नका. याची पानं-फुलं पोटात गेली तर हृदयावर परिणाम होतो. गुरांनाही ते बाधतं, तेव्हा छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका.